गुरुवारची बाटली

“सुई तुमची, दंड तुमचा; मग रोग माझा कसा?”

नजीरा पटवेगार पहिल्यांदा ज्ञानू कंपाउंडरच्या दारात उभी राहिली, तेव्हा तो हे म्हणाला आणि त्याने दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी कबनूरमध्ये यंत्रमागांच्या शेडमध्ये, चहाच्या गाड्यावर, नळावर हेच वाक्य फिरत होतं. लोकांना ते पटलं. ज्याच्यापुढे वर्षानुवर्षं बाही वर केली त्याच्यावर संशय घ्यायचा म्हणजे आपल्याच रक्तावर संशय घ्यायचा. तेवढी हिंमत कुणाकडे नव्हती.

ज्ञानू तेव्हा एकसष्ट वर्षांचा होता. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, मुळापासून कापलेली नखं, काखेत कातडी बॅग. बोलणं दगड फेकल्यासारखं. त्याच्यावर कुणाचं प्रेम होतं असं म्हणता येणार नाही. रडणाऱ्या पोराला तो आधी थोबाडीत द्यायचा, मग सुई. बायांना म्हणायचा, “पोरं काढताना भ्याली न्हाईस, आन् हितं काय नाटक लावलंईस?” मागावरच्या गड्यांना म्हणायचा, “बारा तास हुबा ऱ्हातोस आन् सुईला डोळं झाकतोस व्हय रं?” लोक हसायचे, शिव्या खायचे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा रांगेत उभे राहायचे. प्रेम लागत नव्हतं. तो लागत होता.

बावीस वर्षं त्याने एका डॉक्टरच्या हाताखाली काढली. डॉक्टरने त्याला कधी बस म्हटलं नाही आणि कधी शाबास म्हटलं नाही. दोन गोष्टी मात्र शिकवल्या. पहिली, माणूस बदलला की सुई बदलायची. दुसरी, सुई दंडात गेली की औषध सोडण्याआधी दट्ट्या जरा मागे ओढून बघायचा. नळीत रक्त आलं तर सुई शिरेत शिरली असं समजून दुसरीकडे टोचायची. ज्ञानूने या दोन गोष्टी देवाच्या नेमासारख्या पाळल्या. डॉक्टर वारले, त्यांच्या मुलाने दवाखान्याला कुलूप घातलं, आणि सकाळी माणसं ज्ञानूच्या घरासमोर येऊन बसली. त्याने पाटी लावली नाही. परवानगी त्याला कुणी दिली नव्हती आणि त्याने कुणाला मागितली नव्हती. 

त्याचा एक कायदा होता. सुई आणि नळी ज्याची त्याने मेडिकलमधून आणायची, सीलबंद. मोकळ्या हाताने आलेल्याला तो उंबऱ्यावरून परत पाठवायचा. पाकीट पेशंटच्या नाकासमोर धरून फाडायचा. “फाडतोय बघ. बघितलास? मागनं म्हणायचं न्हाय.” परगावच्या मोठ्या दवाखान्यांतही एवढी काळजी घेत नाहीत, असं लोक म्हणायचे. त्यांच्या डोळ्यांदेखत पाकीट फाटत होतं. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीपलीकडे आणखी काही असतं हे त्यांना कोण सांगणार?

औषध मात्र ज्ञानूचं. ताकदीचं. रबरी बुचाची जाड काचेची बाटली, आत तांबडं पाणी. लोक त्याला नुसतं ‘लाल’ म्हणायचे. “लाल मारा.” मागाच्या खडखडाटात उभं राहून पिंढऱ्या भरून आलेले गडी, सुताच्या कांड्या भरून भरून मनगटं सुजलेल्या बाया, सगळे लाल घ्यायचे. एक लाल म्हणजे पोरासोरांचं. जाणती माणसं डबल घ्यायची, एक डाव्या दंडात, एक उजव्या. डबलसाठी ज्ञानू दुसरी सुई मागत नसे. माणूस तोच, रक्त त्याचंच, सुई त्याचीच; मग दुसरं पाकीट कशाला फाडायचं? डाव्या दंडात दिलं की तीच सुई पुन्हा बाटलीच्या बुचातून आत, नळी भरली की उजव्या दंडात. यात लबाडी नव्हती. लबाडी असती तर ती कधीतरी उघडी पडली असती.

सोमवारी कबनूर. गुरुवारी तो एसटीने निघायचा, मध्ये गाडी बदलायचा आणि नदीपलीकडे कर्नाटकातल्या कारीकट्टी नावाच्या गावात एका पडवीत बसायचा. तिथे त्याला ‘गुरुवारद डॉक्टर’ म्हणायचे, गुरुवारचे डॉक्टर. नदी ओलांडली की पाट्यांची अक्षरं बदलत, पोलिसांची टोपी बदलत असे. बॅगेतली बाटली सोमवारी उघडलेलीच असे.

नजीरा हातकणंगल्याची. राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये तिने अकरा वर्षं लोकांचं रक्त काढलं होतं. आता कंत्राटावर हिपॅटायटिस सीचा माग काढायचं काम करत होती. लोक त्याला पांढरी कावीळ म्हणायचे. या रोगात डोळे पिवळे होईतो उशीर झालेला असतो. यकृत आतल्या आत दहा-वीस वर्षं कुजत राहतं आणि माणूस मागावर उभा राहतो, लग्नात नाचतो, पोरं जन्माला घालतो. कबनूरमधल्या एका चोवीस वर्षांच्या मागवाल्याने रक्तदान शिबिरात रक्त दिलं आणि ते दूषित ठरून परत आलं. तिथून सुरुवात झाली. शोधता शोधता कबनूरमध्ये तेवीस माणसं सापडली. त्याच महिन्यात नदीपलीकडे, दुसऱ्या राज्याच्या दप्तरात, दुसऱ्या लिपीत, अकरा नावं लिहिली जात होती. इकडच्यांना तिकडचं ठाऊक नव्हतं. पण दोन्हीकडचे नमुने विषाणूची घडण वाचणाऱ्या एकाच प्रयोगशाळेत गेले, आणि तिथून एक चित्र आलं, फांद्या फुटलेल्या झाडासारखं. कबनूरची पानं आणि कारीकट्टीची पानं एकाच फांदीवर होती. म्हणजे विषाणू एकच, नुकता फुटलेला. कुठल्यातरी एका हाताने दोन्ही गावांत पेरलेला.

तो हात शोधायचा होता. नजीराला गोड बोलता येत नसे, आणि आलं असतं तरी उपयोग नव्हता. एका घराने तिच्या अंगावर कुत्रं सोडलं. एका बाईने दारातूनच ओरडून विचारलं, “माझा नवरा कुटं जातोय त्ये इचारायला आलीस व्हय गं?” नजीरा म्हणाली, “नवरा कुठं जातो ते तुमी बघा, मावशी. मला तुमचा दंड दाखवा.” सुई कुठे घेता, असं विचारलं की सगळे एकच उत्तर द्यायचे: सरकारी दवाखान्यात. ज्ञानूने तसं शिकवून ठेवलं होतं, दोन्ही गावांत. मग तिने प्रश्न बदलला. कोण मारतं ते विचारायचं सोडून दिलं. दंड कुठल्या दिवशी ठणकतो, एवढंच विचारू लागली. याचं खोटं उत्तर कुणी तयार ठेवलं नव्हतं. कबनूर म्हणालं, मंगळवारी. पलीकडच्या आरोग्यसेविकेला बरोबर घेऊन ती कारीकट्टीत गेली, तिथून त्यांना हाकलून लावलं. पण हाकलता हाकलता एक म्हातारी म्हणून गेली, शुक्रवारी. 

पुढच्या गुरुवारी नजीरा कारीकट्टीच्या फाट्यावर जाऊन बसली. दहाच्या गाडीतून पांढरा शर्ट उतरला, काखेत बॅग. त्याने तिला पाहिलं आणि कबनूरमध्ये घरोघर फिरणारी बाई हीच, हे ओळखलं. तिच्या पायाशी थुंकला आणि उलट दिशेच्या गाडीत चढला.

त्याच संध्याकाळी ती त्याच्या दारात गेली आणि सुई-दंडाचं ते वाक्य ऐकून परतली. त्यानंतर गाव पेटलं. नजीरावर. कबनूरचं कापड घेऊ नका, तिथे रोग आहे, असं कुणीतरी इचलकरंजीत बोललं म्हणे. दोन गडी माग सोडून गेले. चोवीस मागांचा मालक हंबीरराव याने सुट्टीच्या दिवशी भर दुपारी आपल्या शेडमध्ये लोक जमवले. हंबीरराव स्वतः त्या तेविसांतला एक होता. पण लॅबने चूक केली यावर त्याचा ठाम विश्वास होता. त्याला एवढंच हवं होतं की चारचौघांसमोर कंपाउंडर सुटावा आणि या बाईने पुन्हा कबनूरमध्ये पाय ठेवू नये.

बंद मागांच्या मधल्या वाटेत माणसं दाटली होती. तांबड्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ज्ञानू, ताठ. मागे बायांत त्याची बायको अंबूबाई, पदर कमरेला खोचून.

“बोला पावणं,” हंबीरराव नजीराला म्हणाला. बाईमाणसाला पावणं म्हणण्यात जो टोमणा होता तो सगळ्यांना कळला. “काय म्हणनं हाय तुमचं?”

“मला पलीकडची माणसं पायजेत,” नजीरा म्हणाली. “कारीकट्टीत ह्यांनी कुणाकुणाला इंजेक्शन दिलं, ती नावं. ती माणसं तोंड उघडत न्हाईत आणि कागदावर कुठं लिवलेलं न्हाय. ह्यांच्या डोक्यात हाय. बारा आठवडं रोज गोळ्या घेतल्या की रोग जातोय. गोळ्या फुकट हायत. पण द्यायच्या कुणाला? त्यातला एक जरी ऱ्हायला, तरी त्याच्यापासनं परत सुरू.”

“आन् त्यानं नावं दिली की पोलिस.”

“येतील. त्ये मी थांबवू शकत न्हाय. खोटं कशाला बोलू?”

अंबूबाई उठली. “बघा, बघा! तोंडावर बोलतीया! अगं ए, तुला जल्माला घालून तुझी आई पस्तावली असंल. माझ्या मालकानं ह्या गावाला नवी सुई दावली. मी बघितलोय की, रोज बघितलोय! पाकीट फाडल्याबगार हात न्हाय लावला कुणाला. तूच रक्त काढत फिरत हुतीस की गं राजारामपुरीत. तुझ्याच हातानं पसारलं नसंल कशावरनं?”

टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी वाजवली.

नजीराने पिशवीतून तीन वस्तू काढल्या आणि समोरच्या फळीवर ठेवल्या. सुईचं सीलबंद पाकीट. रबरी बुचाची बाटली, आत स्वच्छ पाणी. आणि एक पिकलेलं डाळिंब.

“मारून दावा,” ती ज्ञानूला म्हणाली.

“डाळिंबाला अशक्तपणा आलाय काय गं?” हंबीरराव म्हणाला. शेड हसून हसून हादरली.

“व्हय. डबल द्या त्याला.”

ज्ञानूने नाही म्हणायला हवं होतं. पण तीस वर्षं ज्या हाताकडे लोक भीतीने बघत आले, त्या हाताला कुणीतरी बाई आव्हान देत होती. तो उठला. पाकीट वर धरून सगळ्यांकडे फिरवलं. “फाडतोय. बघा.” त्याने बाटलीतून पाणी ओढलं. डाळिंब डाव्या मुठीत धरलं आणि सुई आत घातली. मग, डॉक्टरने शिकवलं होतं तसा, दट्ट्या जरासा मागे ओढला. नळीत तांबडी रेघ आली. 

“रक्त आलं की वो!” कुणीतरी म्हणालं आणि लोक पुन्हा हसले. 

ज्ञानूने सुई थोडी सरकवली, पाणी आत सोडलं, सुई काढली. 

“आता दुसरा दंड,” नजीरा म्हणाली.

त्याने नळीत हवा ओढून घेतली. बाटलीतून औषध नीट वर यावं म्हणून आधी आत हवा सोडावी लागते. हेही तो हजारो वेळा करत आला होता. सुई बुचातून गेली, दट्ट्या खाली गेला. स्वच्छ पाण्यात एक बारीक तांबडा धागा सुटला, वळला, आणि हळूहळू विरघळला. पाणी किंचित गुलाबी झालं. फार नाही. पुढच्या ओळीतल्यांना तेवढं दिसलं. मागच्यांना पुढच्यांच्या मानेवरून कळलं.

“ह्या बाटलीतनं आता पुढचा माणूस घेणार,” नजीरा म्हणाली. “नवं पाकीट फाडून.”

“पर आमचं औषध तर तांबडंच असतंय की,” हंबीरराव म्हणाला, “त्यात कसं काय दिसंल...” आणि थांबला. त्याचा हात त्याच्याच डाव्या दंडावर गेला. इतका वेळ तो ज्याच्या बाजूने बसला होता त्याच्याकडे त्याने मान वळवली तेव्हा हंबीररावचा चेहरा ओळखू येत नव्हता.

“रंग घातलाया!” अंबूबाई किंचाळली. “टवळीनं पाण्यात रंग घातलाया! धरा तिला, झिंज्या धरा तिच्या!” दोन-चार जण खरोखर पुढे सरकले. रंगाची गोष्ट सगळ्यांना हवी होती. ती खरी धरली असती तर संध्याकाळपर्यंत नजीरा गावाबाहेर आणि सगळे आपापल्या घरी गेले असते.

“गप बस,” ज्ञानू म्हणाला. “रंग न्हाय त्यो.”

त्याला हे बोलायचं काहीच कारण नव्हतं. तो बाटलीकडे बघत होता, उजेडाकडे धरून, जसा माग दुरुस्त करणारा एखादा जॉबर बिघडलेला भाग हातात घेऊन बघतो.

हंबीररावची थप्पड बसली. ज्ञानूचा चष्मा मागाखाली गेला. मग शिव्या सुरू झाल्या. थोड्या वेळापूर्वी टाळ्या वाजवणारीच तोंडं होती. आईवरून, बापावरून, मेलेल्या डॉक्टरवरून. एका बाईने चप्पल फेकली. “माझ्या तान्ह्या पोरीलाबी सुई मारलास की रं भाड्या!” कुणीतरी त्याच्या शर्टाची कॉलर धरून ओढली, तेव्हा वरचं बटण तुटलं. 

नजीरा मध्ये पडली, पण त्याला वाचवायला नाही. “मारा मागनं,” ती ओरडली. “मेला तर नावं कोण देणार? आधी मला नावं पायजेत.” तिने वही काढली, जॉबरची लोखंडी पेटी ओढून त्याच्यासमोर बसली. “बोला.”

“नावं मला येत न्हाईत,” ज्ञानू म्हणाला. ओठ फुटला होता. “दंड येत्यात.”

“मग दंड सांगा.”

आणि तो सांगू लागला. चष्मा नव्हता, डोळे बारीक करून समोरच्या मागावरच्या धोट्याकडे बघत. “मारुतीच्या देवळामागं पैलं घर. बसप्पा. डावा, मग उजवा. डबल. त्याची आई, नुस्ता डावा, कातडं सैल. गिरणीवाल्याची सून, लगमव्वा. तिला गाठ येतीया, म्हणून उजवा. मशिदीच्या बोळात दोघं भाऊ, थोरल्याच्या दंडावर भाजल्याचा डाग. डबल. दोघंबी.”

गल्लीमागून गल्ली. कुणाची चामडी जाड, कुणाची शीर वर, कोण सुई बघितली की घाम फोडतो. माणसांचे चेहरे त्याने कधी पाहिलेच नसावेत. त्याचं सगळं गाव खांद्यापासून कोपरापर्यंत होतं. नजीरा लिहीत होती, मान वर न करता. “हा दोनदा आला. पुढं.” “भाऊ किती? नीट आठवा.” “शाळंजवळची ती म्हातारी जिती हाय का?” तिच्या आवाजात दया नव्हती, आभार नव्हते. मागून मधूनच एखादी शिवी यायची आणि कुणीच तिच्यावर हसायचं नाही. चाळीस झाले, साठ झाले. काही बाया उठून गेल्या. नळाला पाणी यायची वेळ झाली होती. हंबीरराव मागाला टेकून उभा होता आणि एकसारखा दंड चोळत होता.

अंबूबाई मात्र तिथेच, खाली फरशीवर. आता ओरडत नव्हती, पुटपुटत होती, नजीराला, गावाला, डाळिंबाला.

“संपलं?” नजीराने विचारलं.

“संपलं.”

तिने पानं उलटून पाहिली. “गुरुवारी सगळं उरकल्यावर बाटलीत उरत असंल की थोडं. त्याचं काय करत होता? टाकत होता?”

ज्ञानूने उघडी कॉलर गळ्याशी घट्ट धरली.

“टाकंल कशाला?” अंबूबाई मागून फणकारली. अजून भांडणातच होती ती. “औषध काय टाकायची वस्तू हाय व्हय? घरात आलं की मी घेतोय. दर गुरुवारी. धा वर्सं झाली, एक नागा न्हाय. मला कवा नुस्तं एक दिलं न्हाय त्यांनी, डबल...”

बोलता बोलता तिला स्वतःचं बोलणं ऐकू आलं. अंबूबाईने हळूच पोलक्याच्या बाहीवर पदर ओढून घेतला, परक्या माणसांत उघडी पडल्यासारखी.

नजीराने वहीचं नवं पान काढलं आणि वर अंबूबाईचं नाव लिहिलं. मग इतरांच्या वेळी ज्या आवाजात विचारलं होतं त्याच आवाजात तिने ज्ञानूला विचारलं,

“आधी कुठला दंड?”

तो वहीच्या पानाकडे बघत राहिला. चष्म्याशिवाय त्याला त्यावरचं काही वाचता येत नसणार. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठला. बायकोकडे त्याने पाहिलं नाही. मधल्या वाटेतली माणसं दोन्हीकडच्या मागांना चिकटून उभी राहिली, त्याचं अंग आपल्या अंगाला लागू नये म्हणून, आणि त्या मोकळ्या झालेल्या वाटेने, शर्टाचं गळ्याचं बटण नसलेला तो माणूस, शेडच्या दारातून बाहेरच्या उन्हात निघून गेला.